अँडरसनच्या देशात, रेवाबरोबर

मंगळवार, कोपनहेगन

परीकथाकार हान्स ख्रिश्चन अँडरसन न्यूहाउनच्या धक्क्यावर तीन वेगवेगळ्या घरांत राहिला. आधी २० नंबर, मग ६७ आणि अखेरच्या वर्षांत १८. आज या रंगीत घरांखाली ओळीने रेस्टॉरंट आहेत आणि कालव्याच्या काठावर टेकायला जागा मिळायची मारामार. त्याच्या काळी हा खलाशांचा आणि गुत्त्यांचा भाग होता. २० नंबरमध्ये राहत असताना, मे १८३५ मध्ये, 'मुलांसाठी सांगितलेल्या परीकथा' ही त्याची पातळशी पुस्तिका निघाली. आत चारच गोष्टी. त्याच वर्षी त्याची इटलीवरची कादंबरी आली होती आणि लोक बोलत होते ते तिच्याबद्दल. वीज आणि चुंबक यांचं नातं शोधणारा ओर्स्टेड हा शास्त्रज्ञ त्याच्या जवळचा. त्याने मात्र सांगून ठेवलं होतं की कादंबरी तुला प्रसिद्धी देईल, पण अमर करतील त्या या गोष्टी.

माझ्यासोबत रेवा आहे, मामेबहिणीची मुलगी. वय दहा, जन्म इथलाच, घरी मराठी आणि शाळेत डॅनिश. तिच्या सॅकमध्ये अँडरसनचं जाडजूड पुस्तक आहे. तिची आई ऑफिसला आणि शाळेला जुलैची सुट्टी, म्हणून हा प्रवास आम्हा दोघींचा. ठरलंय असं, की जिथे जाऊ तिथे रेवाने मूळ डॅनिशमधून गोष्ट वाचायची आणि लगेच मराठीत मला सांगायची.

पहिली गोष्ट वाटाण्याची. राजकन्या, वीस गाद्या, वीस दुलया आणि तळाशी एक वाटाणा. आपल्याकडे ती नाजूकपणाची गोष्ट म्हणून पोचली आहे. रेवा वाचू लागली तेव्हा कळलं की हे जेमतेम पानभराचं प्रकरण आहे आणि त्यात जागोजागी खोड्या आहेत. वादळी रात्री राजवाड्याच्या दारावर थाप पडते, तेव्हा दार उघडायला म्हातारा राजा स्वतः जातो. ना शिपाई, ना द्वारपाल. बाहेर राजकन्या उभी, बुटाच्या टोकातून पाणी आत शिरतंय आणि टाचेतून बाहेर पडतंय. शेवटी लग्न होतं, आणि तो वाटाणा राजाच्या संग्रहालयात ठेवतात. 'अजूनही तिथे बघायला मिळेल, कुणी उचलून नेला नसेल तर. बघा, ही खरी गोष्ट!'

आपल्या कहाण्या 'साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण' म्हणत ऐकणाऱ्याला आशीर्वाद देऊन उठतात. अँडरसन उठता उठता ऐकणाऱ्याला डोळा मारतो. तेव्हाच्या परीक्षकांना हेच खटकलं. मुलांच्या गोष्टीत बोध हवा, भाषा छापील हवी. याच्या गोष्टीत बोध सापडेना आणि भाषा तर थेट बोलण्यातली. पुढे १८४३ मध्ये एका कवीमित्राला त्याने आपली रीत कळवली आहे. विचार मोठ्यांसाठीचा घ्यायचा आणि तो लहानांना सांगायचा, पण आई-वडीलही कान देऊन ऐकत असतात हे विसरायचं नाही, त्यांच्याही डोक्याला काहीतरी द्यायचं.

त्याच्या गोष्टींतलं हे मोठ्यांसाठीचं मला या प्रवासात शोधायचं आहे. आपल्यापर्यंत येताना बहुतेक तेच गळून गेलं, असं मला फार दिवसांपासून वाटत आलंय.

बुधवार, कोपनहेगन

सकाळी राष्ट्रीय संग्रहालय. राजाचं ते संग्रहालय खरोखरच होतं. डेन्मार्कच्या राजांनी सतराव्या शतकापासून जमवलेल्या अजब वस्तूंचा तो साठा एकोणिसाव्या शतकात मोडला आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टी इथे आल्या. रेवाने दारावरच्या पहारेकऱ्याला गंभीरपणे विचारलं, वाटाणा कुठल्या दालनात आहे? तो तितक्याच गंभीरपणे म्हणाला, "कुणीतरी उचलून नेला." या देशात ती ओळ सगळ्यांना पाठ आहे.

बाराच्या आधी आम्ही आमालियनबोर्गला पोचलो. अष्टकोनी चौक, भोवती चार सारखे महाल, मधोमध घोड्यावर बसलेला राजा. बाराला पहारा बदलतो. अस्वलाच्या कातड्याच्या उंच टोप्या घातलेले सैनिक शहरातून चालत येतात आणि पर्यटक दोन्ही बाजूंनी दाटी करतात. मिरवणुकीच्या गोष्टीला याहून चांगली जागा मिळाली नसती. चौकातल्या पायरीवर बसून रेवाने 'राजाचे नवे कपडे' उघडली.

'राजा नागडा आहे' हे वाक्य आपल्या अग्रलेखांतही सर्रास येतं, गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे मी सांगते ते तिच्या जडणघडणीबद्दल. कल्पना मुळात अँडरसनची नव्हे. चौदाव्या शतकातल्या एका स्पॅनिश कथासंग्रहात ती आहे आणि त्याने ती जर्मन भाषांतरात वाचली. त्या स्पॅनिश गोष्टीत ते कापड दिसत नाही ते बापाचा खरा मुलगा नसलेल्याला. म्हणजे भीती कुळाची, वारशाची. अँडरसनने तेवढी एक कळ फिरवली. त्याच्या गोष्टीत कापड दिसत नाही ते आपल्या पदाला लायक नसलेल्याला, किंवा अगदीच मूर्ख असलेल्याला. भीती आता खुर्चीची झाली. १८३७ च्या डेन्मार्कमध्ये राजाची अनिर्बंध सत्ता होती आणि तिच्याखाली अधिकाऱ्यांची लांबलचक उतरंड. स्वतः अँडरसन राजाकडून वार्षिक तनखा मिळावा म्हणून धडपडत होता आणि पुढच्याच वर्षी तो त्याला मिळालाही. ही भीती त्याने जवळून पाहिली होती.

म्हणूनच तो म्हातारा, प्रामाणिक मंत्री इतका खरा उतरला आहे. रेवाने तो उतारा दोनदा वाचला. मंत्री रिकाम्या मागाकडे डोळे फाडून बघतो. मनात म्हणतो, अरे देवा, मी मूर्ख आहे की काय? असं तर मला कधी वाटलं नव्हतं, आणि हे कुणाला कळता कामा नये. मग विणकर रंगांची नावं आणि नक्षीचं वर्णन सांगू लागतात, तेव्हा तो कान देऊन ऐकतो, कारण राजाला जाऊन तेच जसंच्या तसं सांगायचं असतं. ज्याने कधी ऑफिसात मीटिंग केली आहे त्याला हा मंत्री ओळखता येईल.

शेवट तर छपाईच्या तोंडावर बदलला. आधीच्या मसुद्यात लहान मूल नव्हतंच. मिरवणूक निघते, लोक वाहवा करतात, राजा खूश होऊन म्हणतो की यापुढे प्रत्येक मिरवणुकीला हाच पोशाख घालायचा, आणि गावभर त्या कपड्यांचीच चर्चा. संपलं. पुस्तक एप्रिल १८३७ मध्ये बाहेर पडलं. त्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी त्याने शेवट बदलत असल्याचं मित्राला कळवलं आणि मूल ओरडलं.

पण मूल ओरडल्यावर गोष्ट संपत नाही, आणि ही माझी जुनी तक्रार आहे. मराठीत बहुतेकदा ती तिथेच संपवतात. लोक हसले, राजा ओशाळला. मूळ गोष्टीत राजाला अंगावर शहारा येतो, कारण लोकांचं बरोबर आहे हे त्याला पटतं. तरी तो मनाशी म्हणतो, मिरवणूक तर पार पाडायलाच हवी. मग तो आणखी ताठ होऊन चालू लागतो आणि मागचे सरदार नसलेला झगा उचलून धरून चालत राहतात. शेवटचं वाक्य त्या नसलेल्या झग्यावर आहे. सत्य सगळ्यांसमोर बोललं गेलं आणि मिरवणूक पुढे चालू राहिली. लहान मुलाला मुलाचा विजय ऐकू येतो, आणि मागे बसलेल्या बापाला सरदारांचे हात दिसतात.

दुपारी रुंडेटॉर्नवर चढलो. १६४२ मध्ये पुरा झालेला हा गोल बुरूज. आत जवळजवळ पायऱ्याच नाहीत, नुसता वळत वळत चढत जाणारा विटांचा रस्ता, दोनशे नऊ मीटर. 'चकमकीची पेटी' या गोष्टीतल्या तिसऱ्या कुत्र्याचे डोळे या बुरुजाएवढे. पहिल्याचे चहाच्या कपाएवढे, दुसऱ्याचे गिरणीच्या चाकाएवढे, आणि मग एकदम हा. कोपनहेगनच्या मुलाने रोज पाहिलेला बुरूज गोष्टीत येतो तेव्हा ती गोष्ट त्याच्या गल्लीत येते.

संध्याकाळ तिवोलीसाठी राखली होती. ही बाग १८४३ च्या ऑगस्टमध्ये उघडली. चिनी धाटणीच्या इमारती, कंदील, कारंजी, संगीत, असं काही शहराने तोवर पाहिलं नव्हतं. हंगाम संपता संपता, ऑक्टोबरमध्ये अँडरसन इथे आला, त्याच दिवशी त्याने एक चिनी गोष्ट लिहायला घेतली आणि दुसऱ्या दिवशी पुरी केली. ती 'नाइटिंगेल'. स्वीडिश गायिका येनी लिंड तेव्हा नुकतीच कोपनहेगनमध्ये गाऊन गेली होती आणि तो तिच्यावर लुब्ध होता. गोष्टीतला खरा पक्षी म्हणजे तीच, असं सगळेच मानतात.

मला मात्र पक्ष्यापेक्षा दरबारी जास्त आवडतात. सम्राटाला आपल्याच बागेतल्या पक्ष्याची माहिती परदेशी पुस्तकातून कळते. तो फर्मान काढतो की संध्याकाळपर्यंत पक्षी हजर झाला नाही, तर रात्रीच्या जेवणानंतर सगळ्या दरबाराच्या पोटावर थापट्या मारण्यात येतील. दरबारी रानात धावतात. गाय हंबरते, तर म्हणतात, "सापडला! एवढ्याशा जिवात काय ही ताकद!" स्वयंपाकघरातली पोरगी सांगते, ती गाय आहे. पुढे बेडूक डरावतात, तर राजगुरू म्हणतात, "अहाहा, देवळातल्या छोट्या घंटाच." पोरगी पुन्हा सांगते, ते बेडूक आहेत. अख्ख्या दरबारात पक्ष्याचा आवाज माहीत असलेली एकटी तीच, कारण रोज रात्री आजारी आईसाठी उष्टं-खरकटं घेऊन ती त्या वाटेने घरी जाते आणि थकून रानात टेकते, तेव्हा पक्षी गातो. सम्राटाला भेट आलेल्या नकली, यांत्रिक पक्ष्यावर तर एक पंडित पंचवीस खंड लिहितो, आणि ते आपण वाचले, आपल्याला कळले, असं सगळे सांगतात, कारण नाहीतर मूर्ख ठरायचे आणि पोटावर थापट्या बसायच्या. सहा वर्षांपूर्वीचं ते कापडच हे, फक्त आता पुस्तकाच्या रूपात.

कंदील लागले तेव्हा दहा वाजत आले होते आणि आभाळात अजून उजेड होता. रेवा उडत्या पेटीच्या राइडमध्ये तीनदा बसली.

गुरुवार, ओडेन्स

कोपनहेगनहून ओडेन्सला रेल्वेने दीड तासाच्या आत पोचता येतं. वाटेत ग्रेट बेल्टची सामुद्रधुनी लागते. १९९७ पासून गाडी आधी आठ किलोमीटरच्या बोगद्यातून समुद्राखालून जाते आणि मग लांब पुलावरून पाण्यावर येते. सप्टेंबर १८१९ मध्ये चौदा वर्षांचा अँडरसन उलट दिशेने निघाला, तेव्हा टपालाची घोडागाडी आणि बोट असा प्रवास होता. पैलतीराला लागल्यावर तो एका आडोशाला गुडघे टेकून रडत प्रार्थना करत राहिला, असं त्याने आत्मचरित्रात लिहिलंय. राजधानीत ओळखीचं कुणी नव्हतं.

ओडेन्समधलं त्याचं बालपणीचं घर हा या प्रवासातला माझ्यासाठी सगळ्यात मोठा क्षण. मुंकेमोलेस्ट्रेडे नावाच्या गल्लीत पिवळ्या भिंतीचं बैठं घर. वयाच्या दुसऱ्या वर्षापासून ओडेन्स सोडेपर्यंत तो इथे राहिला, आणि तेही या घराच्या एका भागात. एक खोली आणि चिंचोळं स्वयंपाकघर. बाप चांभार, त्याचं कामाचं बाक खिडकीशी. पलंग बापाने स्वतः बनवला होता. एका सरदाराची शवपेटी ज्या चौथऱ्यावर ठेवली होती त्याचंच लाकूड स्वस्तात मिळालं, आणि काळ्या कापडाच्या चिंध्या त्यावर बरीच वर्षं चिकटून होत्या. छपरावर, शेजारच्या घराला लागून असलेल्या पन्हळीत, आईने मातीने भरलेली पेटी ठेवली होती आणि तीत कांद्याची पात आणि पार्सली लावली होती. ती पेटी थेट 'हिमराणी'त गेली. त्या गोष्टीतली 'काय' नावाचा मुलगा आणि गेर्डा ही मुलगी दोन घरांच्या पन्हळीवरच्या पेट्यांमध्येच खेळतात. रेवा स्वयंपाकघरात उभी राहून दोन्ही हात पसरून भिंतींचं माप घेत होती.

बापाने शाळा पाहिली नव्हती म्हणावं इतकी थोडी, पण पुस्तकं होती. तो पोराला अरबी सुरस कथा आणि होल्बेर्गची विनोदी नाटकं वाचून दाखवायचा. होल्बेर्ग म्हणजे अठराव्या शतकात कोपनहेगनच्या शिष्टांची टोपी उडवणारा नाटककार, आणि त्याचा कान अँडरसनला इथे, या बाकाशेजारी मिळाला. गोष्टी मिळाल्या त्या दुसरीकडे. आजी गावातल्या धर्मार्थ इस्पितळाची बाग सांभाळायची. तिथे गरीब म्हाताऱ्या सूत कातत बसायच्या. पोरगा त्यांच्यात जाऊन बसायचा आणि त्या त्याला लोककथा सांगायच्या. वाटाण्याची राजकन्या, चकमकीची पेटी, छोटा क्लाउस आणि मोठा क्लाउस या लहानपणी ऐकलेल्याच गोष्टी आहेत.

आई नदीत उभी राहून लोकांचे कपडे धुवायची, हिवाळ्यातही. अंगात ऊब यावी म्हणून दारूचा घोट. गाव तिला नावं ठेवायचं. पुढे त्याने 'ती काही कामाची नव्हती' ही धोबिणीची गोष्ट लिहिली. तीत महापौर आपल्या खिडकीतून त्या बाईच्या दारूबद्दल मुलाला उपदेश करतो, आणि स्वतःच्या मेजवानीत मात्र भारी वाइन असते. आज संध्याकाळी आम्ही त्या नदीच्या काठाने चाललो. सुंदर बाग आहे, बदकं आहेत. ती गोष्ट माहीत असेल तर पाण्याकडे तेवढ्याच सहज बघता येत नाही.

शुक्रवार, ओडेन्स

नवं अँडरसन संग्रहालय जपानी वास्तुकार केंगो कुमा यांनी रचलंय. २०२१ मध्ये उघडलं. बराचसा भाग जमिनीखाली, वर वळणावळणाच्या हिरव्या कुंपणांची बाग. आत दिवे, आवाज, सावल्या भरपूर. मी जास्त वेळ थांबले ते त्याच्या प्रवासी सामानाशी: पेटी, हॅट ठेवायचा डबा, छत्री आणि एक दोरखंड. हॉटेलला आग लागली तर खिडकीतून उतरता यावं म्हणून तो दोर घेऊन फिरायचा. जिवंतपणी पुरतील या भीतीने उशाशी 'मी नुसता मेल्यासारखा दिसतोय' अशी चिठ्ठी ठेवून झोपायचा. भित्रा माणूस, आणि आयुष्यात परदेशाच्या तीसेक वाऱ्या केल्या. याच गावाने ६ डिसेंबर १८६७ ला त्याला मानाचं नागरिकत्व दिलं आणि त्याच्यासाठी अख्खं शहर दिव्यांनी उजळलं. एका जाणत्या बाईने तो लहान असताना आईला अगदी हेच भविष्य सांगितलं होतं. त्या रात्री त्याची दाढ ठणकत होती. आपल्या मोठ्या दिवसाबद्दल लिहिताना त्याने ती दाढ वगळली नाही.

दुपारी नदीतल्या बोटीने जाऊन पुढे खेड्याच्या संग्रहालयात गेलो. फ्यून बेटावरची जुनी लाकडी सांगाड्याची, गवती छपरांची घरं उचलून आणून इथे एक गावच वसवलं आहे. तळं आहे, बदकं आहेत, कोंबड्या आहेत. रेवाने कुंपणावर बसून 'कुरूप बदक' वाचायला घेतली आणि मी तिला सांगितलं, एकही वाक्य गाळायचं नाही.

पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यावर म्हणतात, जग किती मोठं आहे! आई म्हणते, एवढंच वाटलं का? जग बागेच्या पलीकडे थेट पाद्रीबुवांच्या शेतापर्यंत आहे, पण मी कधी तिथे गेले नाही. मग ती पिल्लांना दरबारी शिकवण देते. त्या म्हाताऱ्या बदकीसमोर मान वाकवा, तिच्या रक्तात स्पॅनिश अंश आहे, पायाला लाल चिंधी बांधली आहे बघा, बदकाला याहून मोठा मान नाही. तेवढ्यात दोन घराणी ईल माशाच्या डोक्यासाठी भांडत असतात आणि ते डोकं मांजर पळवतं. 'जगात असंच चालतं,' आई म्हणते आणि चोच चाटते, कारण ते डोकं तिलाही हवं होतं.

मग म्हातारीचं झोपडं. तिथे मांजर घरधनी आणि कोंबडी घरधनीण. दोघं कायम 'आपण आणि जग' असं बोलतात, कारण त्यांच्या मते जगाचा अर्धा भाग ते स्वतः आहेत, आणि तोही जास्त चांगला अर्धा. पिल्लू म्हणतं, मला पाण्यावर तरंगावंसं वाटतं. कोंबडी विचारते, "तुला अंडं घालता येतं?" नाही. "मग गप्प बस!" मांजर विचारतं, "पाठ ताणता येते? गुरगुरता येतं? ठिणग्या पाडता येतात?" नाही. "मग शहाणी माणसं बोलत असताना तुझं मत नको." कोंबडी पुढे समजावते की हे वेड रिकामपणातून येतं, अंडी घाल किंवा गुरगुर, म्हणजे जाईल, आणि मी हे तुझ्या भल्यासाठी सांगते. रेवा इतकी हसली की कुंपणावरून उतरावं लागलं. "मावशी, आमच्या वर्गात अशी एक कोंबडी आहे."

१८४३ मध्ये ही गोष्ट छापून आली तेव्हा अँडरसन अडतीस वर्षांचा होता, आणि बालपण संपल्यापासून तो अशाच घरांत जेवत आला होता जिथे त्याचं भलं चिंतणारी माणसं त्याला व्याकरण सुधार, नाचणं सोड, जमिनीवर ये असं सांगायची. राजहंसाचा शेवट सगळ्यांच्या लक्षात राहतो. मला वाटतं, त्याचं खरं निरीक्षण त्या झोपड्यात आहे. पिल्लाला टोचणारी बदकं क्रूर आहेत हे सहज कळतं. कोंबडी प्रेमळ आहे, खाऊ-पिऊ घालते, आणि तिच्यापासून सुटणं जास्त अवघड आहे.

अंगणातल्या खऱ्या कोंबड्या बघत रेवाने आणखी एक छोटी गोष्ट वाचली, 'हे अगदी खरं आहे'. एका सभ्य कोंबडीचं एक पीस गळतं. ती गमतीने म्हणते, जितकी पिसं उपटीन तितकी मी सुंदर दिसेन. शेजारीण ऐकते, घुबडाला कळतं, कबुतरांना कळतं, आणि फिरत फिरत बातमी अशी होते की पाच कोंबड्यांनी कोंबड्याच्या प्रेमापायी सगळी पिसं उपटून एकमेकींना टोचून मारलं. पीस गळालेली कोंबडी ही बातमी ऐकते, तिला स्वतःची ओळख पटत नाही, आणि समाजाला धडा मिळावा म्हणून ती बातमी वर्तमानपत्रात द्यायला लावते. आपल्याकडे पराचा कावळा होतो, इथे एका पिसाच्या पाच कोंबड्या झाल्या.

शनिवार, मॉल्स

आजचा दिवस अँडरसनच्या आधीच्या विनोदासाठी. रेल्वेने ऑर्हूस, तिथून बसने एबेल्टॉफ्ट. दगडी फरसबंदीच्या गल्ल्या, बुटकी घरं, भिंतींना टेकलेली हॉलीहॉकची उंच फुलं, आणि खेळण्यातला वाटावा एवढासा १७८९ चा नगरभवन. बाजूला मॉल्सच्या टेकड्या. या मॉल्सच्या लोकांच्या खुळेपणावर डेन्मार्कमध्ये पुष्कळ गोष्टी आहेत, अठराव्या शतकापासून छापलेल्या.

गावाच्या पिकात करकोचा शिरतो. गुराख्याने जाऊन त्याला हुसकायचं ठरतं. पण गुराख्याचे पाय भलतेच मोठे, पीक तुडवेल. मग आठ जण शेताचं फाटक उखडतात, त्यावर गुराख्याला बसवतात आणि उचलून पिकातून नेतात, म्हणजे त्याचे पाय जमिनीला लागणार नाहीत. दुसरी गोष्ट घंटेची. शत्रू येणार म्हणून देवळाची घंटा होडीतून समुद्रात नेऊन बुडवतात, आणि जागा विसरू नये म्हणून जिथून टाकली तिथे होडीच्या काठावर खाच करतात.

टेकडीवर गवतात बसून रेवाने या गोष्टी सांगितल्या तेव्हा मी खूप हसले. समोर निळी खाडी, खाली राय आणि बार्लीची शेतं, गुराख्याला कुठून नेलं असेल तेही दिसत होतं. पण या गोष्टी सांगणारा मॉल्सचा नाही. सांगणारा ऑर्हूसचा, शहरातला, शिकलेला. हसू वरून खाली जातं. आपल्याकडेही स्वतःला मोजायचं विसरणाऱ्या दहा खुळ्यांची गोष्ट आहे आणि ते दहाही जण खेड्यातलेच असतात.

अँडरसनने ही दिशा उलटी केली, असं मला त्या टेकडीवर बसल्यावर वाटलं. तो स्वतः त्या गुराख्याच्या थरातला. त्याने मॉल्सचा खुळेपणा जसाच्या तसा उचलला आणि दरबारात नेऊन ठेवला. रिकाम्या मागाकडे बघणारे मंत्री, गायीला दाद देणारे सरदार, हे सगळे फाटकावरून गुराख्याला नेणारेच लोक आहेत, फक्त अंगावर जरीचे कोट. आणि खेड्यातल्या खुळ्याला त्याने जिंकवलं. 'ठोंब्या हान्स'मध्ये दोन विद्वान भाऊ राजकन्येला मागणी घालायला जातात. एकाला लॅटिन शब्दकोश आणि गावच्या वर्तमानपत्राचे तीन वर्षांचे अंक पाठ, सुलटे आणि उलटेही. तिसरा हान्स बोकडावर बसून निघतो आणि वाटेत मेलेला कावळा, तुटका लाकडी जोडा आणि चिखल गोळा करतो. दरबारात प्रचंड उकडतंय, लेखनिक प्रत्येक शब्द टिपून घेतायत, विद्वानांची बोबडी वळते. हान्स म्हणतो, शेगडी पेटलीच आहे तर माझा कावळा भाजून घेतो. राजकन्येला असंच बोलणारा हवा होता. आणि शेवट? 'ही हकिगत आम्ही थेट पंचांच्या वर्तमानपत्रातून घेतली आहे, पण त्यावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही.'

१८६१ ची 'म्हातारा करतो ते बरोबरच असतं' ही त्यापुढची पायरी. म्हातारा घोडा विकायला निघतो, घोड्याची गाय, गायीची मेंढी, मेंढीचा हंस, हंसाची कोंबडी आणि कोंबडीची सडक्या सफरचंदांची गोणी करून बसतो. दोन श्रीमंत इंग्रज पैज लावतात की बायको आता झोडपणार. ती प्रत्येक सौद्यावर खूश होते आणि सफरचंदांवर तर नवऱ्याचा मुका घेते. इंग्रज पायलीभर सोनं हरतात. रेवाला हे मुळीच पटलं नाही. "मावशी, तो खरंच वेडा आहे, ती का नाही सांगत त्याला?" आम्ही एबेल्टॉफ्टपर्यंत यावर भांडत उतरलो. माझं म्हणणं, ती बाई घरात काय मिळालं हे बघत होती, काय गेलं याचा हिशोब ठेवतच नव्हती. रेवाचं म्हणणं, घोडा घोडा असतो. दोघी आपापल्या मतावर ठाम आहोत.

रविवार, पुन्हा कोपनहेगन

जलपरी सकाळीच उरकली. एडवर्ड एरिक्सनचा हा पुतळा १९१३ चा, उंची सव्वा मीटर. भोवती गर्दी फोटोंची. दुःखाच्या या गोष्टीतही खोडी आहेच. जलपरीच्या आजीला आपल्या कुळाचा भारी अभिमान, म्हणून तिच्या शेपटीवर बारा शिंपले, बाकी सरदारणींना फक्त सहाची परवानगी. पंधराव्या वाढदिवसाला नातीच्या शेपटीवर ती आठ मोठे शिंपले चावायला लावते. नात म्हणते, दुखतंय. आजी म्हणते, "नटायचं तर सोसायला हवं."

शेवटचा थांबा राजाची बाग, रोझेनबोर्ग वाड्यामागची. इथे अँडरसनचा बसलेला पुतळा आहे, हातात पुस्तक, दुसरा हात बोलताना उचललेला. पुतळ्याची तयारी त्याच्या हयातीतच सुरू झाली होती. पहिल्या आराखड्यांमध्ये त्याच्या अंगाखांद्यावर मुलं दाखवली होती. ते पाहून तो भडकला. आपण कधीच मुलांना असं अंगावर घेऊन वाचून दाखवलं नाही, आणि आपल्या गोष्टी लहानांइतक्याच मोठ्यांसाठी आहेत, हे त्याने निक्षून सांगितलं. काही आठवड्यांनी, ४ ऑगस्ट १८७५ ला तो वारला. पुतळा १८८० मध्ये उभा राहिला, आणि मूर्तिकार आउगुस्ट सोबीने त्याचं ऐकलं. एकही मूल नाही. तो एकटा बसून समोरच्या कुणालाही सांगतोय.

चौथऱ्यावर उठावाची चित्रं आहेत, एका बाजूला कुरूप बदक, दुसऱ्या बाजूला करकोचे. रेवाने दोन्ही बाजूंनी फिरून पाहिलं आणि नाराजी दाखवली.

"बदक सगळ्यांनाच माहीत आहे. मी असते तर इथे कोंबडी लावली असती."

"कुठली? पीस गळालेली?"

"नाही गं मावशी. अंडं घालता येतं का विचारणारी."